बोंबलाच्या साठ्याची तब्येत: बडोद्यातून करता येणारी तपासणी, टोपलीपासून निष्कर्षापर्यंत

बडोद्याच्या बाजारात बोंबील बोटभर दिसू लागले आणि भाव चढला, की "समुद्रातली मासळी संपत आली" हे वाक्य दांडियाबाजारापासून मांजलपूरपर्यंत ऐकू येतं. ते खरंही असेल, पण बाजारातल्या टोपलीवरून ते सिद्ध होत नाही. समुद्रापासून इतक्या आत येणारा माल आधी बंदरावर निवडला जातो. मोठा बोंबील ताजा विकायला एकीकडे जातो, लहान वाळवणाला, आणि चुरगाळलेला कुटीच्या, म्हणजे मासळीचं पीठ करणाऱ्या, कारखान्यात. शहरात उरलंसुरलं काय आलं यावरून व्यापार कसा चालला आहे ते कळतं. साठा कसा आहे ते कळायला दुसरा रस्ता धरावा लागतो.

हा लेख त्या दुसऱ्या रस्त्याबद्दल आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, किनाऱ्यावर काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते, मासळीच्या धंद्यातली शिकलेली मुलं यांपैकी कुणालाही एका हंगामात, दोन-तीन जणांच्या हाताने हे करता येतं. हिशेब लॅपटॉपवर होतो आणि त्याला संध्याकाळ पुरते. पण निकाल जेट्टीवर मासे कसे उचलले यावरच ठरतो, म्हणून लेखाचा मोठा भाग तिथेच खर्च केला आहे.

आधी प्रश्न दोन आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. एक, समुद्रात साठा किती उरला आहे? दोन, आज तो कोणत्या वेगाने उपसला जातो आहे? खालावलेल्या साठ्यावर मासेमारी कमी झालेली असू शकते, म्हणजे तो सावरतो आहे. भरल्या साठ्यावर बोटी दुप्पट झालेल्या असू शकतात, म्हणजे तो खाली चालला आहे. दोन्हींना "अतिमासेमारी" असा एकच शिक्का मारला की उपायही चुकतो.

देशाच्या किंवा जगाच्या सरासरीवरून आपल्या माशाबद्दल काही ठरवू नका. जगभरातल्या तपासलेल्या साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठे २०२१ मध्ये अतिमासेमारीखाली होते, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, २०२४ चा अहवाल सांगतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, २०२२ साठी भारतातले १३५ साठे तपासले आणि ९१.१ टक्के ठीक असल्याचं म्हटलं. माशांच्या जाती वेगळ्या, समुद्र वेगळे, पद्धती वेगळ्या. या दोन आकड्यांची एकमेकांशी झुंज लावणाऱ्या बातम्या खूप येतात, त्या बाजूला ठेवा.

मासा कोणता आणि कुठला

सुरुवातीला बोंबील सोयीचा. तो भारतात मुख्यतः दोन तुटक पट्ट्यांत मिळतो: सौराष्ट्र ते महाराष्ट्र हा वायव्य किनारा आणि तिकडे बंगालची बाजू. त्यामुळे आपला साठा म्हणजे कोणता, हा पेच थोडा सुटतो. आयुष्य छोटं असल्याने एका हंगामाच्या मोजणीत त्याच्या आयुष्याचा बराच भाग दिसतो. मात्र साठ्याची हद्द राज्याच्या हद्दीवर संपवू नका. उमरगावचा बोंबील आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या झाईचा बोंबील यांच्यात समुद्रात रेषा नाही. फक्त गुजरातची मोजणी असेल तर अहवालात "वायव्य साठ्याचा गुजरातकडचा भाग" असंच लिहा.

बडोद्याला सर्वांत जवळची मोठी मासेमारी भरूचची, नर्मदेत पावसाळ्यात चढणाऱ्या पाल्याची, म्हणजे हिलसाची. जवळ आहे म्हणून ती निवडावीशी वाटते. पहिल्या अभ्यासाला ती घेऊ नका. नदीत सापडतात ते अंडी घालायला निघालेले मोठे मासे, लहान वयाचे गट तिथे जाळ्यात दिसतच नाहीत. शिवाय नदीत गोडं पाणी किती उतरतं यावर पाल्याचं येणं अवलंबून असतं, त्यामुळे घट दिसली तर ती जाळ्यामुळे की पाण्यामुळे हे लांबी मोजून सुटत नाही.

पापलेट घ्यायचं असेल तर एक अडचण आधीच ओळखा. ते बऱ्याच प्रमाणात गळाजाळ्यात, म्हणजे गिलनेटमध्ये, सापडतं. अशा जाळ्यात विशिष्ट मापाचा मासा अडकतो. फार लहान आरपार जातो आणि फार मोठ्याचं डोकं आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, शिरतच नाही. आलेखात मोठे मासे कमी दिसले की ते मेले असं वाटतं, प्रत्यक्षात ते जाळ्याने पकडलेलेच नसतात.

बोंबलाची नोंद सौराष्ट्रात जाफराबाद, नवाबंदर आणि दक्षिणेला उमरगाव-नारगोल या पट्ट्यात घेता येते. एकाच बंदरावर वर्षभर टिकून राहणं तीन बंदरांवर अधूनमधून जाण्यापेक्षा चांगलं. त्या बंदरावरच्या विक्रेत्यांकडे आणि तांडेलांकडे, म्हणजे बोटींच्या प्रमुखांकडे, आधी एकदा जाऊन बसा. वही घेऊन अचानक उभ्या राहिलेल्या माणसाला किनाऱ्यावर करवाला समजतात आणि मग वजनं खोटी सांगितली जातात. नोंदवहीत माशाचं नाव बोंबील असू द्या, पण तिथे विचारताना "बुमला" म्हणा.

सामान

पाचशे मिलिमीटरची मोजपट्टी बसवलेली लाकडी फळी, शून्याच्या टोकाला उभी अडणी. अडणी हलत असेल तर सगळी मोजणी वाया, म्हणून दोन स्क्रूंनी पक्की करा. ५ किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा, ३० किलोचा टांगता काटा, पेन्सिली (ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही), प्लॅस्टिकच्या क्लिपबोर्डवर छापील तक्ते, कात्री, चिमटा, हातमोजे. बोंबलाचे दात आत वळलेले असतात, हात फाटतो. टोपल्यांचं रिकामं वजन पहिल्याच दिवशी करून ठेवा. बंदरातल्या टोपल्या सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात.

जेट्टीवर नमुना कसा उचलावा

बोंबील पकडणारं मुख्य जाळं म्हणजे डोल: खुंटांना किंवा नांगरांना बांधलेली मोठी पिशवी, जी भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे इथे तिथी ही मोजणीची पहिली अट आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते आणि डोल भरून येते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीत, ती अर्धवट येते. फक्त उधाणाला गेलात तर पकडीचा दर फुगतो, फक्त भांगाला गेलात तर साठा कोसळल्यासारखा दिसतो. महिन्यात दोन दिवस उधाणाचे आणि एक भांगाचा, असं आधीच पंचांग बघून वेळापत्रक लावा. सोयीने रविवारी जाणं हे या कामातलं सर्वांत सामान्य पाप आहे.

त्या दिवशी किती बोटी मोजायच्या? सीएमएफआरआयच्या नोंदपद्धतीतला नियम वापरण्यासारखा आहे: १५ किंवा त्याहून कमी बोटी उतरल्या तर सगळ्या, १६ ते १९ असतील तर पहिल्या दहा आणि उरलेल्यांपैकी निम्म्या, २० ते २९ असतील तर दोनात एक, ३० ते ३९ तर तिनात एक, ४० ते ४९ तर चारात एक, ५० किंवा जास्त तर पाचात एक. हे पकडीच्या वजनाच्या नोंदीसाठी. लांबी मोजायला त्यातल्या सहा ते आठ बोटी पुरतात, प्रत्येकीतून ४०-५० मासे. एकाच बोटीतले ४०० बोंबील मोजणं म्हणजे ४०० मोजल्याचं समाधान फक्त. एका ओढीत आलेले मासे बरेचदा एकाच वयाच्या थव्यातले असतात, त्यामुळे त्या चारशेंत माहिती पन्नासांएवढीच असते.

टोपली निवडताना तांडेलाला "कोणती घेऊ?" असं विचारू नका, तो चांगलीच दाखवेल. उतरणाऱ्या टोपल्यांपैकी पहिलीच्या ऐवजी तिसरी, मग दर पाचवी, असं घरून ठरवून जा. टोपली निवडली की वरचे मासे काढू नका. मोठे मासे वर रचलेले असतात. टोपली एका बाजूने तळापर्यंत कापल्यासारखी रिकामी करा आणि त्या भागातला एकूण एक मासा मोजा, तुटलेलाही. शेपूट तुटली असेल तर लांबी सोडा, पण "तुटका" म्हणून गणतीत धरा.

माल आधीच प्रतवारीने वेगळा केला असेल तर प्रत्येक प्रतीतून वेगळा नमुना आणि त्या प्रतीचं एकूण वजन दोन्ही हवं. वाळवणासाठी थेट वलांडीवर जाणारा लहान माल लिलावात येत नाही, तिकडे स्वतः जाऊन ताजा असतानाच मोजा. सुका बोंबील कधीही मोजू नका, तो किती आटतो ते ऊन आणि वाऱ्यावर ठरतं. ट्रॉलर असतील तर कुटीसाठी जाणारा ढीगही बघा. पिल्लं तिथे असतात, आणि तो ढीग वगळला की आलेखाचा डावा खांदाच नाहीसा होतो.

मोजणी

मासा फळीवर सपाट ठेवा, तोंड मिटवा, जबड्याचं पुढचं टोक अडणीला टेकवा आणि शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी घ्या. बोंबलाच्या शेपटीला मधोमध एक टोकदार पाळी असते. वरची-खालची पाळी धरायची की मधली, हे पहिल्या दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बदलू नका. बोंबील लिबलिबीत असल्याने शेपूट धरून ओढला की सहज काही मिलिमीटर वाढतो. त्याला ताणू नका, नुसता पसरू द्या. पापलेटच्या शेपटीच्या पाळ्या लांब आणि तुटक्या असतात, म्हणून तिथे शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी घेणं शहाणपणाचं.

नोंद १० मिलिमीटरच्या गटात, खाली उतरवून: १८७ म्हणजे १८०-१८९ चा गट. काही जण जवळच्या दहाकडे ढकलतात, काही खाली उतरवतात, आणि दोघांच्या सरासरीत पाच मिलिमीटरचा फरक पडतो. हे पाच मिलिमीटर पुढे किती महागात पडतात ते हिशेबात दिसेल. दर फेरीला वीस मासे दोघांनी स्वतंत्रपणे मोजा. फरक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येत असेल तर त्या दिवशी आधी हात बसवा.

वजन घेताना पाणी निथळू द्या. बोंबलाच्या अंगातच पाणी फार, त्यात बर्फाचं पाणी धरलं की काटा खोटं बोलतो.

गाभोळी

किती लांबीला बोंबील पहिल्यांदा पिकतो हे जाणून घेतल्याशिवाय "लहान मासा" या शब्दाला अर्थ नाही. प्रत्येक १० मिलिमीटर गटातल्या निदान दहा माद्या चिरून बघा. पाच पायऱ्या पुरतात: पहिली, दोऱ्यासारखी पारदर्शक ग्रंथी, दुसरी, किंचित पिवळसर पण दाणे डोळ्यांना न दिसणारी, तिसरी, दाणे दिसू लागलेली, चौथी, पोट भरून टाकणारी फुगलेली गाभोळी, पाचवी, रिकामी, लोंबती, लालसर. तिसरीपासून पुढच्या पक्व धरा. प्रत्येक गटातलं पक्व माद्यांचं प्रमाण आलेखावर टाकलं की जिथे रेषा पन्नास टक्के ओलांडते ती पक्वतेची लांबी.

इथली फसगत अशी: अंडी घालून झाल्यावर काही आठवड्यांनी सावरलेली ग्रंथी दुसऱ्या पायरीसारखीच दिसते. मंदीच्या महिन्यांत केवळ हीच तपासणी केली तर पक्व मासे अपक्व म्हणून मोजले जातात आणि पक्वतेची लांबी उगाच वर जाते. भरलेली गाभोळी जास्त दिसते त्या महिन्यांतलीच आकडेवारी या रेषेसाठी घ्या. गाभोळीचा सराव मात्र बडोद्याच्या बाजारातल्या ताज्या बोंबलावर करता येतो, त्यासाठी चारशे किलोमीटर जायची गरज नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, त्यात बोंबील १८० मिलिमीटर आणि चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर आहे. तुमच्या नमुन्यात १८० च्या खाली किती, हा आकडा वेगळा काढून ठेवा. मच्छीमारांशी बोलताना तोच उपयोगी पडतो.

नमुन्यावरून पूर्ण पकडीकडे

तक्ते एकत्र करण्याआधी वाढीव गुणक लावायचा असतो, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात. एका बोटीने ३०० किलो बोंबील उतरवला आणि तुम्ही ६ किलो मोजला, तर त्या नमुन्यातला प्रत्येक मासा ५० माशांचा प्रतिनिधी आहे. दुसऱ्या बोटीने ६० किलो उतरवला आणि तुम्ही तिथेही ६ किलो मोजला, तर तिथला प्रत्येक मासा फक्त १० माशांचा. गुणक न लावता सरळ बेरीज केली तर छोट्या बोटीच्या माशांना पाचपट मत मिळालं. नंतर मोजलेल्या बोटींवरून त्या दिवशीच्या सगळ्या बोटी, मग दिवसांवरून महिना, असं चढत जा. उधाण आणि भांग यांचे गुणक वेगळे ठेवा.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी असते तेव्हा रकाना रिकामा ठेवा. तिथे शून्य लिहू नका, शेजारच्या महिन्यांची सरासरीही भरू नका.

आलेख वाचणं

वर्षभराची लांबी-वारंवारता काढली की आधी नुसतं बघा. डावीकडे उंचवटा चढतो, एका जागी शिखर गाठतो आणि उजवीकडे उतरतो. शिखराच्या किंचित उजवीकडे जिथून सगळे मासे जाळ्यात पूर्णपणे सापडू लागतात ती लांबी "पूर्ण पकडीची लांबी". उजवा उतार जितका कडक, तितके मासे मोठे व्हायच्या आत मरत आहेत. मृत्यूचं सगळं गणित याच उताराचं आहे.

आता उदाहरण. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, कोणत्याही बंदराचे नाहीत.

एल-अनंत, म्हणजे मासा मरेपर्यंत वाढत राहिला तर सरासरी जिथे थांबेल ती लांबी: ३८० मिलिमीटर. वाढीचा वेग के: वर्षाला ०.७. पूर्ण पकडीची लांबी: १६० मिलिमीटर. त्या लांबीच्या वरच्या सर्व माशांची सरासरी लांबी: २०५ मिलिमीटर.

बेव्हर्टन आणि होल्ट या मत्स्यशास्त्रज्ञांचं सूत्र सांगतं:
झेड ÷ के = (एल-अनंत − सरासरी) ÷ (सरासरी − पूर्ण पकडीची लांबी)
म्हणजे (३८० − २०५) ÷ (२०५ − १६०) = १७५ ÷ ४५ = ३.८९. त्याला ०.७ ने गुणलं की एकूण मृत्युदर झेड = २.७२.

यातून नैसर्गिक मृत्युदर एम वजा करायचा, उरतो मासेमारीचा एफ. एम थेट मोजता येत नाही. तो भक्षक, आजार, म्हातारपण यांचा असतो, आणि बोंबलाच्या बाबतीत तर मोठा बोंबील लहान बोंबलालाही खातो. म्हणून सूत्रं वापरतात. पाउलींचं १९८० चं सूत्र २७ अंश पाण्याला आणि वरच्या आकड्यांना लावलं तर एम येतो १.३०. थेन आणि सहकाऱ्यांचं २०१५ चं सूत्र लावलं तर ०.९६. मासा तोच, समुद्र तोच.

शोषणाचं प्रमाण ई म्हणजे एफ ÷ झेड. गुलंड यांनी सुचवलेली ढोबळ मर्यादा ०.५. पहिल्या एम ने ई येतो ०.५२, म्हणजे जेमतेम रेषेवर. दुसऱ्याने ०.६५, म्हणजे स्पष्ट अतिउपसा. अहवालात यापैकी एकच आकडा छापणारा माणूस एक तर घाईत आहे, नाहीतर त्याला निकाल आधीच माहीत होता.

एक बारकावा कामाचा आहे. ई काढताना के दोन्हीकडून कटतो: ई = १ − (एम ÷ के) ÷ (झेड ÷ के). म्हणजे वाढीचा वेग अचूक काढण्यासाठी महिनोन्महिने संगणकावर शिखरं सरकवत बसण्यापेक्षा एम ÷ के चं प्रमाण कोणत्या पट्ट्यात असावं यावर डोकं लावणं जास्त फायद्याचं. इथे ते १.३७ ते १.८६ आहे.

आकडे हलवून बघा

ही पायरी ऐच्छिक नाही. सरासरी लांबी २०५ ऐवजी २१५ धरा. टोपलीच्या वरचे मासे उचलले की एवढा फरक सहज पडतो. झेड ÷ के होतं १६५ ÷ ५५ = ३, आणि ई अनुक्रमे ०.३८ आणि ०.५४. दहा मिलिमीटरने "रेषेवर" चं "बरं चाललंय" झालं.

आता एल-अनंत हलवा. सर्वांत मोठा मासा ०.९५ ने भागून एल-अनंत काढायची रीत आहे. पण तो मोठा मासा तुम्हाला दिसला का? डोलीच्या खोल्याचा, म्हणजे शेवटच्या पिशवीचा, आस बारीक आणि जागा किनाऱ्याजवळची, त्यामुळे तिथे लहान बोंबील जास्त येतो; मोठा खोल पाण्यात ट्रॉलरला सापडतो. समजा डोलीत दिसलेला सर्वांत मोठा ३१५ मिलिमीटरचा. मग एल-अनंत ३३२, झेड ÷ के २.८२, आणि पाउलींच्या आकड्यानेच धरलं तरी ई ०.३४. आजारी साठा केवळ मोठा मासा न पाहिल्यामुळे धडधाकट ठरला. उलट एल-अनंत ४२० धरलं तर ई ०.६१ वर जातो. म्हणून एल-अनंतासाठी ट्रॉलरचा माल आणि आधीच्या प्रसिद्ध अभ्यासांतली मोजमापं दोन्ही बघा, आणि तीन किमती घेऊन तीन उत्तरं लिहा.

सोप्या तीन टक्केवाऱ्या

रायनर फ्रोझे यांनी २००४ मध्ये सुचवलेली रीत मच्छीमारांसमोर मांडायला चांगली: पकडीत पक्व मासे किती टक्के, योग्य लांबीचे किती टक्के, आणि मोठ्या जननक्षम माद्यांएवढे किती टक्के. योग्य लांबी म्हणजे जिथे एका पिढीचं एकूण वजन सर्वाधिक असतं ती: एल-अनंत × ३ ÷ (३ + एम ÷ के). आपल्या उदाहरणात ती २३५ ते २६१ मिलिमीटर येते. योग्य लांबीच्या दहा टक्के वरचे ते "मोठे". त्यांचं प्रमाण ३० ते ४० टक्के असेल तर वयाची उतरंड शाबूत, २० च्या खाली गेलं तर काळजी. उदाहरणातल्या मृत्युदराने, नमुन्यातल्या १००० पैकी ६२० मासे १६० च्या वर असतील, तर मोठे, म्हणजे २५८ च्या (२३५ अधिक दहा टक्के) वरचे, ६३ निघतात. सहा टक्के. वाईट दिसतं, पण हा नमुना फक्त डोलीचा असेल तर त्यात काही वाटा जाळ्याच्या जागेचा आहे. दोन्ही जाळ्यांची पकड आपापल्या वजनाने जोडल्याशिवाय हा सहाचा आकडा कुणाला सांगू नका.

पुढची पायरी अंडी देण्याच्या उरलेल्या क्षमतेची, एसपीआरची: मासेमारी नसती तर एका मादीने आयुष्यात जेवढी अंडी दिली असती, त्याच्या किती टक्के आता देते. ४० टक्क्यांच्या वर निर्धास्त, २० च्या खाली धोका, हा सर्वसाधारण वापरातला मापदंड. एलबीएसपीआर नावाची पद्धत लांबीचा आलेख, एम ÷ के, एल-अनंत, आणि ५० व ९५ टक्के पक्वतेच्या लांब्या एवढ्यावरून हे काढते. आर या मोफत प्रणालीत तिचं पॅकेज आहे. ती दोन गोष्टी गृहीत धरते. एक, मोठे मासे जाळ्यातून सुटत नाहीत; गिलनेटच्या पापलेटला ती लावली तर साठा आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. दोन, दरवर्षी नवी पिल्लं साधारण सारखीच येतात. ज्या वर्षी पिल्लांची मोठी लाट आली त्या वर्षी सरासरी लांबी खाली येते आणि यंत्र "अतिमासेमारी" म्हणून ओरडतं, खरं तर साठा वाढत असतो. म्हणून एका वर्षाच्या एसपीआरवर कुणाच्या बोटी बंद करायला सांगू नये.

पकडीचा दर

लांबीवरून वेग कळतो. साठा किती उरला हे कळायला प्रयत्नामागची पकड वर्षानुवर्षं हवी. डोलीसाठी एका जाळ्याच्या एका ओढीमागे किलो, ट्रॉलरसाठी जाळं ओढल्याच्या तासामागे किलो. "बोटीमागे किलो" हा दर फसवा, कारण बोट तीच राहत नाही: इंजिन वाढतं, एकाच बोटीवर जाळी वाढतात, फेरी एका दिवसाची आठवड्याची होते, जीपीएस आणि फिशफाइंडर येतात. दर स्थिर दिसला तर आधी विचारा, तेवढ्याच माशासाठी आता किती दूर जावं लागतं? तांडेलांना हे तोंडपाठ असतं. दहा वर्षांपूर्वी खुंट कुठे होते आणि आज कुठे आहेत, हे नकाशावर त्यांच्याकडूनच काढून घ्या.

जुनी पकडीची आकडेवारी सीएमएफआरआय आणि राज्याच्या मत्स्यविभागाच्या वार्षिक प्रकाशनांत मिळते. फक्त पकडीच्या मालिकेवरून चालणाऱ्या सीएमएसवायसारख्या पद्धती आहेत, पण त्यांत साठा सुरुवातीला किती भरलेला होता हे तुम्हीच सांगायचं असतं, आणि जे सांगाल त्याच्याच आसपासचं उत्तर परत येतं. जोड म्हणून वापरा, आधार म्हणून नको.

निष्कर्ष लिहिताना

तीन साक्षी वेगवेगळ्या ठेवा: ई चा पट्टा, एसपीआर, पकडीचा दर. ई सगळ्या जोड्यांत ०.५ च्या वर, एसपीआर २० च्या खाली आणि दर किमान पाच वर्षं घसरता, असं असेल तर "साठा खालावला आहे आणि उपसा चालूच आहे" असं स्पष्ट लिहा. ई वर पण दर टिकून असेल, तर पिल्लांची लाट आली होती का ते पुढच्या हंगामात बघा आणि तोवर "उपसा जास्त असल्याची शक्यता" एवढंच म्हणा. ई खाली आणि दर घसरता, ही जोडी सर्वांत संशयास्पद: एक तर मोठा मासा नमुन्यात वरचढ झाला, किंवा घट मासेमारीमुळे नसून पाणी, पाऊस, जवळा यांसारख्या कारणांनी आहे. बोंबलाचा आहार मोठ्या प्रमाणात जवळ्यावर असल्याने जवळ्याची पकड त्याच तक्त्यात नोंदवलेली असेल तर हे तपासता येतं.

उपाय सुचवायचा झाला तर तो आकड्यांतून निघाला पाहिजे. १८० च्या खालचा वाटा मोठा असेल तर प्रश्न खोल्याच्या आसाचा आणि ठरावीक महिन्यांचा. उजवा उतार कडक पण डावा खांदा लहान असेल तर प्रश्न एकूण बोटींचा. आस वाढवायचा सल्ला देताना एक व्यवहार लक्षात ठेवा: त्याच डोलीत जवळा आणि मांदेलीही येते, आणि मोठ्या आसातून ती निघून जाते. कोणत्या महिन्यांत बोंबलाची पिल्लं सर्वाधिक आणि जवळा कमी, हे तुमच्या मासिक तक्त्यांतून दाखवता आलं तरच तांडेल ऐकून घेतो.

अहवालासोबत कच्चे तक्ते, गुणक, टोपल्यांची रिकामी वजनं, तिथी आणि शेपटीची कोणती पाळी मोजली ते सगळं एका फायलीत ठेवा. पुढच्या हंगामात ऑगस्टमध्ये बोटी सुटल्यावर त्याच बंदरावर, त्याच फळीने, उधाण-भांगाच्या त्याच वेळापत्रकाने मोजणी पुन्हा सुरू करायची आहे.